पेन्सिलीचे डोहाळे

१२ जानेवारी, सोमवार

रेवती आली. सातवा महिना. निखिलनं गाडीतून दोन बॅगा, एक लांबलचक उशी, दवाखान्याची फाईल आणि माझी मुलगी अशा क्रमानं सगळं उतरवलं आणि चहा पिऊन जालन्याला परत. जावई चांगला आहे. फक्त सामान उतरवताना आधी काय घ्यावं ते कळत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, असा नियम. नियम करणाऱ्यानं माहेरी आई आहे की नाही ते विचारलेलं नाही. सुनंदाला जाऊन चार वर्षं झाली. विहीणबाईंनी फोनवर दोनदा सुचवून पाहिलं, "सर, तुम्ही एकटा पुरुष माणूस. तिच्या मावशीकडं ठेवलं तर?" (यापुढं वि.बा. लिहीन. रोज पूर्ण शब्द लिहायला मला काय ओळीमागं मानधन आहे?) रेवती म्हणाली, मला पुंडलिकनगरचंच घर पाहिजे. विषय संपला.

मला चहा येतो, खिचडी येते आणि वर्तमानपत्रातलं रविवारचं विनोदी सदर येतं. पैकी चहा चांगला होतो. सु.नं शिकवलेला. गवती चहा आधी, आलं नंतर, मग चहाची पावडर, दूध शेवटी, आणि उकळताना समोरून हलायचं नाही.

आज दोन कप केले. चार वर्षांत पहिल्यांदा दुसरा कप वाया गेला नाही.

१८ जानेवारी, रविवार

रेवती बर्फ खाते. सरबतात घालून वगैरे नाही. ट्रे उलटा करून, वाटीत घेऊन, शेंगदाणे खावेत तसा. थंडीचे दिवस, मी स्वेटरमध्ये, आणि ही कडाकडा बर्फ फोडतेय.

"दात पडतील."

"मला राहवत नाही बाबा. नुसता आवाज ऐकला तरी बरं वाटतं."

अगदी आईवर गेली आहे. मग अर्थातच पेन्सिलीचा किस्सा निघाला. तिनं हजार वेळा ऐकलाय, तरी म्हणाली, सांगा.

मी सिल्लोडला शाळेत नवा मास्तर. सु.ला हिचेच दिवस. बायकांना चिंचेचे, कैरीचे डोहाळे लागतात, सु.ला पाटीवरच्या पेन्सिलीचे. करकर चावायची, ओठांच्या कडेला पांढरी भुकटी. दुसरे नवरे संध्याकाळी गजरा घेऊन घरी जात, मी पेन्सिलींचा डबा. दुकानदार म्हणायचा, "गुरुजी, वर्गात पोरं लई वाढली जणू." डबा आठवडाभरही पुरायचा नाही. शेजारच्या शमीम आपा पदराआडून भाजक्या विटेचा तुकडाही आणून द्यायच्या असा माझा तेव्हापासूनचा संशय. हा किस्सा मी लग्नांत सांगितलाय, निरोप समारंभांत सांगितलाय, रेवतीच्या डोहाळजेवणात तर माइकवर सांगितला. पडला असं कधी झालं नाही.

सु. ऐकताना तोंडावर पदर घ्यायची. "पुरे हो." पण थांबवायची नाही.

२१ जानेवारी, बुधवार

इथल्या डॉक्टरबाईंकडं नाव घातलं. गल्लीच्या टोकाला छोटा दवाखाना, वर पाच-सहा खाटा. डॉ.बाई तरुण, बोलणं थेट. रेवतीच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून बघितली, मग रक्त घेतलं. हिमोग्लोबिन ८.४.

"गोळ्या चालू होत्या ना?"

नव्हत्या. जालन्यात मिळाल्या होत्या, सुरू केल्यावर मळमळ झाली, आणि त्यात वि.बां.नी सांगितलं की लोखंडाच्या गोळ्यांनी बाळ काळं निपजतं. त्याऐवजी केशर दिलं. माझा जावई जालन्याच्या सळईच्या कारखान्यात सुपरवायझर. घरातला एक माणूस दिवसभर लोखंडात उभा, आणि सुनेच्या अंगात लोह नाही. सदरात चालेल का? नाही. वि.बा. सदर वाचतात.

(मी स्वतः काळा आहे. माझ्या आईनं जन्मात गोळी खाल्ली नव्हती. हे फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.)

डॉ.बाई स्पष्ट बोलल्या. बाळंतपणात रक्त जातंच. अंगात भरपूर असेल तर निभावतं, इतकं कमी असेल तर थोडं गेलेलंही जड जातं. महिनाभर गोळ्या नीट घ्या. वाढलं नाही तर त्या इथं ठेवून घेणार नाहीत, रक्तपेढी असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवतील.

येताना रेवती फाईल छातीशी धरून चालत होती. म्हणाली, "बाबा, मला इथंच व्हायचंय. या घरातून चालत जाता येईल असं." मी म्हटलं, होईल. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

३० जानेवारी, शुक्रवार

शिस्त बसली. सकाळ-संध्याकाळ ट्रे तयार. कप, बशी, बशीत लोहाची लाल गोळी, शेजारी कॅल्शियमची पांढरी, दोन खारी. एक गोळी चुकलेली नाही. मी आयुष्यात इतकं नियमित काही केलेलं नाही, सदर धरून.

संध्याकाळचा चहा गच्चीत. तिला आईचं ऐकायचं असतं. मी सांगतो. सिल्लोडच्या खोलीला खिडकी एकच होती आणि ती शमीम आपांच्या ओट्यावर उघडायची. सु. खिडकीशी बसून पेपर मोठ्यानं वाचायची, आपा पलीकडं ओट्यावर भाजी निवडत ऐकायच्या. निवडणुकीच्या बातमीला आपा एवढंच म्हणायच्या, "छोडो बाई, पुढचं वाचा." रात्रीच्या भाजीत कुणाची मेथी कुणाच्या घरी शिजायची याला हिशेब नव्हता.

रेवती म्हणाली, आई चहा किती प्यायची? मी म्हटलं, जेवायच्या ऐवजी.

दोघंही हसलो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हिमोग्लोबिन ८.५.

डॉ.बाईंनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला. "गोळ्या खरंच घेतल्यात?"

मी जरा दुखावलो. "एकही चुकलेली नाही. मी स्वतः देतो."

"कशासोबत?"

"चहासोबत," मी अभिमानानं सांगितलं. "गवती चहाच्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. चहा पोटातल्या लोहाला धरून ठेवतो म्हणे, अंगात जाऊ देत नाही. कॅल्शियम आणि दूधही तसंच. म्हणजे महिनाभर मी एका हातानं गोळी देत होतो आणि दुसऱ्या हातानं काढून घेत होतो. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यायची, चहा आगेमागे तास-दोन तास नको, कॅल्शियम वेगळ्या वेळी.

वातावरण हलकं करावं म्हणून मी बर्फाचं सांगितलं. आणि लगेच पेन्सिलीचा किस्सा. नेहमीच्या जागी थांबलो, दुकानदाराच्या वाक्यावर.

बाई हसल्या नाहीत. पहिल्यांदाच किस्सा पडला.

"सर, ते डोहाळे नसतात. लोह खूप कमी झालं की बर्फ, माती, खडू असलं खावंसं वाटतं."

"पेन्सिलसुद्धा?"

"पेन्सिलसुद्धा. तेव्हा तपासलं होतं का त्यांचं?"

तपासलं असेल. नसेल. मला डबा आठवतो, दुकानाची पाटी आठवते, रिपोर्ट आठवत नाही.

विचारलं, तिचं पुढं जे झालं त्याचा याच्याशी काही... बाई म्हणाल्या, नाही, तो आजार वेगळा. दाराशी जाऊन परत आलो आणि पुन्हा विचारलं. तेच उत्तर. तरी.

गोळ्यांवर आता थांबायला वेळ नाही. शिरेतून लोह द्यायचं, सलाईनमधून.

२२ फेब्रुवारी, रविवार

शमीम आपा आल्या. आता मुलाकडं असतात, शहागंजात. रोजे चालू, तरी रिक्षा करून आल्या. रेवतीसाठी खजूर. मी सवयीनं चहाचं विचारलं आणि जीभ चावली. "राहू द्या गुरुजी, रोजा है. आणि तुमच्या चहाची कीर्ती ऐकली फोनवर." रेवतीनं सगळं सांगून ठेवलेलं दिसतं.

मी डॉ.बाईंचं सांगितलं. पेन्सिलींचं. आपा बराच वेळ खजुराच्या पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत बसल्या.

"गुरुजी, तुमको पेन्सिल याद है. मला तिचं हापशावरून येणं याद हाय. गल्ली केवढीशी. हंडा खाली ठेवून थांबायची, पुन्हा थांबायची. माझ्या ओट्यावर टेकली की म्हणायची, आपा, जरा हवा खाते. हवा कायची, दम लागायचा बिचारीला. ओठ असे पांढरे."

"ती पेन्सिलीची भुकटी."

"नाही हो. पेन्सिल नसताना पण."

मग मी विचारलं, तेव्हा बोलला का नाहीत.

"कुणाला बोलू? आमच्या गल्लीत सगळ्याच तशा. मला वाटायचं, पोटुशी बाई पांढरी पडतीच. माझी सासू पण तेच म्हणायची."

रेवती ऐकत होती. म्हणाली, "ओट्यावर बसून काय बोलायची आई?" मग आपा खुलल्या. सु. माझी नक्कल करायची म्हणे. मी वर्गात पाठ फिरवून फळ्यावर कसा लिहितो त्याची. दोघी हसून हसून बेजार व्हायच्या. हे मला आज कळलं. लेखक मी, आणि नकला ती करायची, खिडकीच्या पलीकडं, माझ्या अपरोक्ष.

आपांना रिक्षात बसवून आलो. ती संध्याकाळ, तो ओटा, दोघींचं हसणं, सगळं तसंच सुंदर आहे. फक्त आता त्यात ती दम खात बसली आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सलाईन. रेवती वरच्या खाटेवर, मी स्टुलावर. बाटलीतलं औषध कोऱ्या चहाच्या रंगाचं. थेंब थेंब.

"बघा बाबा. शेवटी चहाच चढवतायत."

सिस्टरही हसल्या. त्या मधूनमधून ब्लडप्रेशर बघून जात होत्या, खाज सुटते का, छातीत धडधडतं का, विचारत होत्या. काही झालं नाही. दोन तास बसलो. तिला झोप लागली. झोपेत सु.सारखा डावा हात कपाळावर.

सदर आज पाठवलं नाही. संपादकांचा फोन, "विषय मिळाला नाही का?" म्हटलं, मिळालाय, विनोद मिळत नाहीये.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली. काठी सरळ राहिली, हे माझ्या बाबतीत उल्लेखनीय. रेवती खुर्चीत बसून सूचना देत होती, डावीकडं, अजून, आता उजवीकडं. आवाजात जोर आलाय.

काल रिपोर्ट. १०.१. डॉ.बाई म्हणाल्या, आता इथं करू. दुसरं सलाईनही झालंय. गोळी लिंबूपाण्यासोबत. बर्फाचा ट्रे फ्रीजमध्ये तसाच भरलेला आहे, आठवडाभर कुणी हात लावलेला नाही. आपोआप सुटलं म्हणते.

वि.बा. आणि निखिल आले होते. केशराची डबी. लिंबू बघून वि.बा. म्हणाल्या, "आंबट कशाला? बाळाला सर्दी व्हईल." मी सदरातल्यासारखं काहीतरी बोलणार होतो. रेवतीनं डोळ्यांनी गप्प केलं आणि त्यांच्यासमोर ग्लास संपवला. डोळे सु.चे. मला गप्प करायची पद्धतही.

११ एप्रिल, शनिवार

मुलगी झाली. दुपारी.

सकाळी घरातून चालत गेली, हवं होतं तसं. मी मागं बॅग घेऊन.

नंतर रक्त जरा जास्त गेलं. खाली-वर धावपळ झाली, निखिलला रक्तपेढीत पाठवून ठेवलं. मी जिन्यात उभा. सिस्टर खाली आल्या की मी बाजूला व्हायचो, वर गेल्या की परत मध्ये. कुणी काही सांगेना. मला एकच वाक्य सुचत होतं, आणि ते मी कुणाला म्हणत होतो माहीत नाही. बघ ना जरा. बघ ना.

थांबलं. रक्त चढवावं लागलं नाही. डॉ.बाई घामानं भिजलेल्या. म्हणाल्या, "जानेवारीत होती तशीच राहिली असती, तर मी आज इथं उभी राहून बोलत नसते." आणि पाणी प्यायला गेल्या.

नात सावळी. वि.बां.नी दुपटं बाजूला करून नीट पाहिलं. "नाक निखिलचं हाय," म्हणाल्या.

२९ एप्रिल, बुधवार

ऊन. कूलर रेवतीच्या खोलीत, मी बाहेर ओल्या टॉवेलखाली. आपा रोज डबा पाठवतात, अळिवाची खीर गुळातली. वि.बा. फोनवर पथ्य सांगतात. पालेभाजी नको, आंबट नको, थंड नको. जे उरतं त्याला जेवण म्हणायचं.

आज रेवती बाळाला घेऊन उठली आणि भिंतीला धरून तशीच खाली बसली. बाळाला सोडलं नाही. डोळ्यांपुढं अंधार म्हणाली.

सगळे म्हणतायत, बाळंतीण आहे, थकणारच. मीही तेच म्हणणार होतो. शब्द तोंडापर्यंत आले होते. मग आपांच्या सासूचं वाक्य आठवलं.

विचारलं, गोळ्या? म्हणाली, दवाखान्यातून आल्यावर बंदच केल्यात. आता तर बाळ झालं. आणि...

"आणि काय?"

"बाबा, तुम्हाला नाही सांगता येत."

शौचाला कडक होतं. टाके. रडते तिथं जाऊन. हे सगळं भिंतीकडं बघून सांगितलं, मी कूलरकडं बघून ऐकलं. तिला सातवीत बाईपणाचं जे काही सांगायचं होतं ते सु.नं दार लावून सांगितलं होतं, मी तेव्हा बाहेर पेपर वाचत होतो. आज दार लावायला कुणी नाही, पेपरही दुपारपर्यंत वाचून झालेला. मी सवयीनं विनोद शोधला. सापडला नाही, ते बरं झालं. म्हटलं, चल, बाईंना हेच्या हेच सांगू. तुला जमलं नाही तर मी सांगतो.

शेवटी मीच सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावर काही फरक नाही, रोजचंच असावं. ९.१. गोळी बदलली, दिवसाआड केली, सोबत पोट साफ होण्याचं औषध, पाणी भरपूर, पालेभाजी खुशाल. म्हणाल्या, बाळ झालं म्हणजे संपलं असं नाही. गेलेलं रक्त भरून यायचंय. अजून काही महिने.

काही महिने. म्हणजे जालन्यात.

१० मे, रविवार

बरी आहे. आज बाळाला मांडीवर घेऊन माझ्या सदराचं कात्रण मोठ्यानं वाचलं. मध्येच थांबून म्हणाली, "हा विनोद जुना आहे." सु. अशीच थांबायची.

आपा आल्या होत्या. मला वाटलं, विचारावं, सु. नक्कल करायची म्हणजे नेमकी कशी. आपा उठल्या, भिंतीकडं तोंड केलं, एक हात कमरेवर, मान वाकडी. "असं. और खडू तुटला की म्हणायची, हरकत नाही, हरकत नाही." मी खरंच तसं म्हणतो. तीस वर्षं म्हणतोय. तिघंही हसलो, बाळ दचकलं.

घर बऱ्याच दिवसांनी भरलेलं वाटलं. लिहून ठेवतो, कारण रिकामं व्हायला दिवस राहिले नाहीत.

२४ मे, रविवार

वि.बा. आणि निखिल न्यायला आले. ओटी भरायची, मग जेवण, मग गाडी. सकाळी डॉ.बाईंकडं रेवतीचं रक्त देऊन आलो. प्रयोगशाळा रविवारची अर्धीच, रिपोर्ट उद्या.

मी म्हटलं, उद्या संध्याकाळी निघा, रिपोर्ट बघून. वि.बा. म्हणाल्या, "सर, उद्याचा दिवस चांगला नाही." निखिल मोबाईलमध्ये.

जेवण आपांच्या सुनेनं आणि मी मिळून केलं, म्हणजे तिनं केलं. टेबलावर पानं मांडली. वि.बा. स्वयंपाकघरात कमरेला पदर खोचून वाढायला उभ्या. "आधी तुम्ही पुरुष बसून घ्या. आम्ही दोघी मागून बसू, उरलंसुरलं आवरून." त्यांच्या घरी तसंच असतं. माझ्याही घरी होतं.

रेवतीनं स्वतःचं ताट घेतलं. पालक, वरण, लिंबाची फोड, दोन भाकरी. निखिलच्या शेजारी बसली आणि जेवायला लागली. कुणाची वाट न बघता. निखिलनं मान वर केली, वि.बा. पळी हातात धरून थांबल्या.

"अगं, मी बसते तेव्हा बसायचं ना तू."

"मग तुम्ही पण बसा आई. इथं या."

"मी कशी बसू? वाढायचं कुणी?"

"बाबा आहेत की."

मी उठलो, पळी मागून घेतली. द्यायला तयार नव्हत्या. शेवटी रेवतीनं त्यांचा पदर धरून बसवलं. खुर्चीच्या कडेवर बसल्या, उठायच्या तयारीत. निखिलची भाकरी संपली की उठायला बघायच्या, रेवती पदर ओढायची. पालक वाढायला गेलो तर म्हणाल्या, "एवढा कशाला, मला कमीच लागतं. पहिल्यापासून." चेहरा नीट बघितला मी. विचारावंसं वाटलं, जिना चढताना दम लागतो का हो तुम्हाला. नाही विचारलं. रेवती त्यांच्याकडं बघत होती. ती विचारेल कदाचित. जालन्यात, घरात, कुणी नसताना.

किंवा तिलाही तिथं पळी हातात घेऊन उभं राहावं लागेल, आठवड्याभरात. काहीच सांगता येत नाही. गोळ्या मी बॅगेत वरच ठेवल्यात.

गाडी पाचला निघाली. या वेळी निखिलनं आधी तिला बसवलं, बाळ तिच्या मांडीवर दिलं, मग सामान.

प्रयोगशाळेत नंबर तिचाच दिलाय, माझा नाही. रिपोर्ट तिच्या फोनवर जाईल. किती आला ते ती सांगेल तेव्हा कळेल.